कुठी-कुठीवाल्या मॅडम

आमच्या घरी एक खुर्ची आहे. तिच्यावर माणसं बसत नाहीत, धुऊन वाळलेले आणि घडी न झालेले कपडे बसतात. "रविवारी करू" म्हणता म्हणता ढीग पार पाठीपर्यंत जातो. माझ्या ऑफिसचे किस्से असेच साठलेत. ज्या त्या दिवशी सांगितले असते तर घडी होऊन कपाटात गेले असते. आता ढिगातून एक ओढावा तर त्याच्या बाहीला गुंतून दुसरा येतो!

आधी मी करते काय ते सांगते, कारण ते माझ्या सख्ख्या नवऱ्यालाही धड सांगता येत नाही. तो "कॉम्प्युटरचं काहीतरी" म्हणून मोकळा होतो.

अमरावतीच्या एमआयडीसीत आमची कंपनी डाळ मिलच्या मशीन बनवते. गिऱ्हाईक बहुतेक अकोल्याचं. प्रत्येक मशीनला कोणकोणते पार्ट लागतात त्याची एक यादी असते, तिला बीओएम म्हणतात. आणि पार्ट कसा बनवायचा त्याचं एक ड्रॉइंग असतं. गंमत अशी, की एकच ड्रॉइंग वेगवेगळ्या मशीनच्या याद्यांमध्ये जाऊन बसलेलं असतं. मग एके दिवशी कोणी ते ड्रॉइंग बदलतं आणि प्रश्न उभा राहतो: हे आपण कुठं कुठं वापरलंय? ते शोधून काढणारी बाई म्हणजे मी.

माझी लेक ओवी दीड वर्षाची झाली तेव्हा मी इथे लागले, सहा महिन्यांच्या बोलीवर. पसंत पडले तर कायम, नाहीतर नमस्कार. मला ही नोकरी इतकी हवी होती, की हवी आहे असं मोठ्यानं म्हणायचीही भीती वाटायची. त्यात माझा स्वभाव! गॅस बंद केला का ते बघायला मी जिना उतरून परत चढते. अशा बाईला "एकही जागा सुटता कामा नये" असलं काम देणं शहाणपणाचं की वेडेपणाचं, हे सहा महिने कोणाला ठरवता आलं नाही. मला तर नाहीच.

*

इंटरव्ह्यूलाच सुरुवात झाली होती.

गवई सर आमच्या डिझाइनचे हेड. बोलतात कमी, आणि बोलले की समोरचा उगाच पेन शोधायला लागतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि माझा फोन वाजला. घरून होता. ओवीला ताप होता आणि डॉक्टरांनी औषध बदललं होतं. मी फोन ठेवला, सॉरी म्हटलं आणि मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

सरांनी माझी फाइल बाजूला सारली. "बरं. हाच प्रश्न. औषध बदललं. आता कुठं कुठं बदलावं लागेल?"

टोमणा आहे की काय, कळेना. पण एकदा सुरू झाले की मी थांबत नाही. "सासूबाईंना सांगायचं. फ्रिजवरची चिठ्ठी बदलायची. पाळणाघरातल्या ताईंना फोन. नवऱ्याला फोन, आणि त्यानं ऐकलं का हे बघायला परत फोन. माझ्या आईला नाही सांगायचं, ती घाबरते. पर्समधली जुनी बाटली काढायची…"

"झालं?"

"नाही सर. गावाला जायच्या बॅगेत एक जुनी बाटली असते. ती सगळेच विसरतात."

सरांनी माझी फाइल परत दिली. म्हणाले, "उद्यापासून या." मी उठले, दारापर्यंत गेले, तर मागून आवाज आला, "आणि मॅडम, आता घरी जा अन् ती बॅग पहा!"

*

पहिल्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी ओवीला माझ्या मांडीवर दिलं आणि विचारलं, "काय काम करतं वं तू तिथी?"

मी सोपं करून सांगितलं. एक पार्ट या मशीनमध्येही असतो, त्या मशीनमध्येही असतो. कोण कुठं कुठं आहे, ते मी शोधते.

सासूबाई डाळ निवडता निवडता थांबल्या. "म्हणजे कोन कोनाचा कोन लागते, ते सांगाचं?"

"साधारण तसंच."

"अवं माय! लग्नात कोन कोनाचा साडभाऊ हाये ते मी बसल्या जागी सांगतो. मले तं आजलोग कोनं पगार नाही देल्ला!"

*

मग नवं सॉफ्टवेअर आलं. ते शिकवायला पुण्याहून एक तरुण ट्रेनर आला. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, असेंब्लीच्या लोकांनासुद्धा. असेंब्लीचे मुख्य रऊफभाई. मशीन जोडण्यात त्यांची हयात गेलेली. ते पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले.

ट्रेनर म्हणाला, "आता आपण कुठलंही एक ड्रॉइंग निवडू. क्लिक केलं की ते कुठे कुठे वापरलंय, याची संपूर्ण यादी येईल."

रऊफभाईंनी बाजूच्याला समजावलं, "मतलब, कुठी-कुठी." झालं! त्या कोट्यवधींच्या वाटणाऱ्या सॉफ्टवेअरचं त्या क्षणी बारसं झालं. आजही आमच्याकडे कोणी "रिपोर्ट काढा" म्हणत नाही. "मॅडम, याचं कुठी-कुठी काढा बरं" म्हणतात. आणि मी झाले कुठी-कुठीवाल्या मॅडम. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलंय.

तर ट्रेनरनं ड्रॉइंग निवडलं. नेमकं वॉशरचं! साधी लोखंडी चकती, प्रत्येक बोल्टखाली बसणारी. आणि त्यानं उत्साहानं "प्रिंट" दाबलं.

प्रिंटर सुरू झाला. कागद येत राहिले. ट्रे भरला, कागद जमिनीवर उतरले. ट्रेनर हसत होता, मग त्याचं हसू थोडं आखडलं. मग तो वाकून बटण शोधायला लागला. प्रिंटर कोणाचं ऐकेना. हॉलमध्ये फक्त खर्र खर्र.

रऊफभाई उठले, पायाजवळचा एक कागद उचलून बघितला आणि फार आदरानं म्हणाले, "सर, हे वॉशर जिथी नाही, त्याची लिस्ट छापा. कागद तरी वाचतीन!"

*

आमच्या कंपनीची एक रीत आहे. मोठ्या मालकांनी कंपनी काढली तेव्हा प्रत्येक मशीनच्या यादीत सर्वात वर "श्री" लिहायचे. याद्या कॉम्प्युटरवर आल्या तेव्हा "श्री" चं काय करायचं असा प्रश्न पडला. काढायची कोणाची हिंमत होईना. शेवटी कोणीतरी एका कोऱ्या पानावर "श्री" काढून ते स्कॅन केलं, त्याला ड्रॉइंग नंबर दिला आणि प्रत्येक बीओएमला जोडून टाकलं!

गवई सर दरवर्षी म्हणायचे, "ज्याचा पार्टच नाही त्याचं ड्रॉइंग कशाले?" आणि दरवर्षी ते तिथेच राहायचं.

ऑडिटर आले. बाहेरगावचे, कडक. माझं तर आदल्या दिवसापासून जेवणात लक्ष नव्हतं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून म्हटलं, "हे एक ड्रॉइंग तुमच्या सगळ्या मशीनमध्ये आहे. म्हणजे अतिशय महत्त्वाचा पार्ट दिसतोय. उघडा."

मी उघडलं. स्क्रीनभर "श्री".

ऑडिटरनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "याच्यात माप नाही."

"नाही सर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"इतक्या वर्षांत यात एकही बदल, एकही रिव्हिजन नाही?"

मी गवई सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत, अगदी सपाट आवाजात म्हणाले, "त्याचं रिव्हिजन आमच्या हातात नाही, साहेब."

ऑडिटरनी पुढचं ड्रॉइंग मागितलं.

*

वेल्डिंगच्या विलासनं एकदा चाळणीच्या फ्रेम बनवून आणल्या. सुंदर काम, पण एकही फ्रेम मशीनवर बसेना. बसणार कशा? माप जुनं होतं! ते ड्रॉइंग आम्ही कधीच रद्द केलं होतं. मीच. सगळ्या जागा शोधून, प्रत्येक ठिकाणचा जुना कागद स्वतः गोळा करून रद्दीत घातला होता.  म्हटलं, सुटली एक जागा! गेली नोकरी!

"विलास, हे ड्रॉइंग तुला कुठं मिळालं?"

विलास लाजला. खिशातून चौकोनी घडी काढली. तेलानं आरपार दिसणारा कागद.

चौकशीअंती उलगडा असा झाला: आमची रद्दी जाते रद्दीवाल्याकडे. त्याच्याकडून ती येते कंपनीच्या गेटवरच्या टपरीवर. तिथे विलासनं आलुबोंडा घेतला. खाऊन झाल्यावर कागदाकडे बघतो, तर आपल्याच फ्रेमचं ड्रॉइंग! त्याला वाटलं, ऑफिसचा कागद बाहेर पडला, आपण वाचवला. कंपनीच्या मायेपोटी बिचाऱ्यानं तो नीट पुसून खिशात जपून ठेवला.

"अरे, पण खाली कोपऱ्यात रिव्हिजन नंबर लिहिलेला असतो. तो तरी बघायचास!"

विलासनं कागद उजेडात धरला, डोळे बारीक केले. "असन मॅडम. चटनीच्या खाली असन!"

तेव्हापासून आमच्याकडे रद्द ड्रॉइंग मशीनमध्ये घालून बारीक करतात. टपरीवाला माझ्यावर नाराज आहे.

*

या कामाचा एक दुष्परिणाम म्हणजे ते घरी येतं.

एका रविवारी ओवीचं गाणं म्हणणारं बदक गप्प झालं. उलटं केलं तर पोटाचं झाकण उघडं आणि आतला बटणासारखा चपटा सेल गायब! पोटात गेला तर काय होतं हे मी ओवीच्या जन्माआधीच वाचून ठेवलंय.  ओवी समोर बसून हसत होती. तिचं तोंड उघडून बघितलं तर त्यात पोळी.

"घाबरू नको," नवरा म्हणाला. तो स्वतः सोफ्याखाली आडवा पडून मोबाइलचा टॉर्च मारत होता, आणि मोबाइल उलटा धरला होता.

मी म्हटलं, थांब. पद्धतशीर. हा सेल घरात कुठं कुठं जाऊ शकतो? खेळण्यांची टोपली उपडी केली. गाद्या उचलल्या. केराचा डबा वर्तमानपत्रावर ओतला. बुटांत हात घातले. एकीकडे डॉक्टरांना फोन लावला. रिक्षा बोलवायची की शेजाऱ्यांची गाडी, यावर आमचं भांडणही उरकलं.

सासूबाई दिवाणावर बसून हे सगळं बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय धुंडून राहिले तुमी?"

"सेल, आई! बदकातला सेल!"

"तो व्हय? तो मी काढला सकाळी. माह्या उशाजवळच्या घड्याळात टाकला."

मी हातातला बूट खाली ठेवला.  तोंडातून एवढंच निघालं, "आई, बदकातला कशाला काढला?"

"मंग?" त्या म्हणाल्या. "बदकाले काय टाइम पाहाचा हाये?"

*

आणि आता हा शेवटचा किस्सा.

तुरीचा हंगाम तोंडावर होता. अकोल्याहून फोन आला. तिथल्या एका मिलमध्ये काम करणाऱ्या बाईची ओढणी मशीनच्या बेल्टमध्ये ओढली गेली. बेल्टवर आमची लोखंडी जाळी होती, तिला गार्ड म्हणतात. पण जाळीची भोकं मोठी. ओढणीचं टोक त्यातून आत गेलं. बाईंनी झटकन गाठ सोडली म्हणून ओढणी गेली आणि बाई वाचल्या.

गवई सरांनी त्याच दिवशी ड्रॉइंग बदललं. भोकं इतकी बारीक केली की बोट जाणार नाही. मग मला बोलावलं. "हा गार्ड जिथं जिथं गेला, तिथं तिथं नवीन लावायचा. जुना परत आणून तोडायचा, म्हणजे कोणी पुन्हा लावणार नाही. मॅडम, यात एक मशीन सुटली तर तुमच्या कायमच्या कागदावर मी सही नाही करू शकणार." मग म्हणाले, "सहीचं सोडा. मले झोप नाही लागणार."

माझ्या सहा महिन्यांतला शेवटचा महिना सुरू होता.

मी कुठी-कुठी काढलं. यादी आली. रऊफभाईंची टीम गाडीत नवे गार्ड भरून अकोल्याला गेली, एकेक मिल करत फिरली. प्रत्येक मशीनचा फोटो आला, प्रत्येक जुना गार्ड परत आला. वर्कशॉपमागे ढीग लागला. सगळ्यांनी एकमेकांना चहा पाजला.

मी मात्र ढिगाजवळ उभी राहून गार्ड मोजत होते. आणि विलासनं आजवर जेवढे बनवले होते, त्यातला एक कमी भरत होता.

"भंगारात गेला असन," सर म्हणाले.

"नक्की, सर?"

सरांनी कप खाली ठेवला. "नक्की नाही."

मग मी सगळ्यांना विचारत सुटले. लोक मला बघून रस्ता बदलायला लागले. शेवटी रऊफभाईंना गाठलं. ते "नाही मॅडम, नाही" म्हणत मागे सरकत होते, आणि एकाएकी त्यांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! मॅडम! वो प्रदर्शनवाली!"

झालं होतं असं: अकोल्यातल्या एका प्रदर्शनात ठेवायला उरल्यासुरल्या पार्टांची एक छोटी मशीन जोडली होती. परत आली की खोलायचीच, म्हणून तिचा बीओएम कोणी बनवलाच नाही. पण शेवटच्या दिवशी एका महिला बचत गटाला ती आवडली आणि मालकांनी तिथल्या तिथे विकून टाकली! सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं ती मशीन जन्मालाच आली नव्हती. आणि ती अमरावतीजवळच्या भातकुलीच्या पुढच्या एका गावात तूर भरडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या पिकअपमध्ये रऊफभाई, मी आणि मागे नवा गार्ड. रस्ताभर माझ्या डोळ्यांसमोर नको ते येत होतं.

टिनाचं शेड लांबूनच दिसलं, मशीनचा आवाजही आला. आत गेलो तर मशीन सुरू, चारपाच बाया कामात, आणि बेल्ट उघडा! गार्डच नाही! आणि पलीकडे पोत्याला धरून ओवीएवढी एक पोर उभी.

"बंद करा!" मी ओरडले. हा आवाज मी आजवर फक्त ओवीनं प्लगकडे हात नेला की काढलाय. मशीन थांबली. 

गटाच्या अध्यक्ष शोभाताई पुढे आल्या. "काय झालं बाई?"

"इथली जाळी कुठं आहे?"

त्यांनी शांतपणे दाराबाहेर बोट दाखवलं. अंगणात आमचा गार्ड उपडा ठेवला होता. आणि त्याच्या आत कोंबडीची पिल्लं!

"पट्टा सरकला व्हता, म्हनून काढली. मंग म्हटलं, बेस हाये. बोक्यापासून पिल्लं तं वाचतीन."

"अहो ताई, पण कोणाचा पदर गेला असता तर?"

"पदर आमी खोसतो ना."

"आणि ही?" मी पोरीकडे बोट केलं.

 शोभाताईंनी पोरीला उचलून कडेवर घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "आना. काय लावाचं ते लावा."

रऊफभाईंनी नवा गार्ड आणला. शोभाताईंनी त्याच्या जाळीत बोट घालून बघितलं. जाईना. करंगळी घालून बघितली. तीही जाईना. त्यांचा चेहरा उजळला.

"मॅडम! हे लय बेस हाये! तुमच्या जुन्या जाळीचे भोकं मोठे, माह्ये पिल्लं निंघून जातेत. असं करा, हे पिल्लाईले ठेवा, अन् ते जुनं लावा मशीनले!"

रऊफभाई पाना हातात धरून तिथेच खाली बसले.

नवा गार्ड मशीनवरच लागला, मी समोर उभी राहून लावून घेतला. पण जुना परत मागितला तर शोभाताई त्याच्यावर हात ठेवून उभ्या. "मंग पिल्लं कुठी ठेवू? तसलंच बारीक मले एक आनून द्या, अन् हे घेऊन जा." मी नियम सांगितला, सुरक्षा सांगितली, अकोल्याची ओढणी सांगितली. त्या मला बोका सांगत राहिल्या.

शेवटी मी बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"सर, मशीन सापडली."

"गार्ड लागला?"

"लागला. करंगळीही जात नाही."

पलीकडून सुटलेला श्वास मला इकडे ऐकू आला. "जुना आणता ना?"

"सर, त्यात कोंबडीची पिल्लं आहेत. त्यांच्यासाठी नवा दिल्याशिवाय जुना मिळत नाही."

 

"म्हणजे आपलं नवीन ड्रॉइंग आता खुराड्यातही लागणार?"

"हो सर."

"तर मग ते कुठी-कुठीत दिसलं पाह्यजे. उद्या कोणी हे ड्रॉइंग बदललं तर?"

"पण सर, खुराड्याला बीओएम नाही."

"बनवा."

"सर, या शनिवारी माझे सहा महिने संपतात."

"मंग?" गवई सर म्हणाले. "खुराड्याचा बीओएम काय मी बनवू?"